मीटिंगमध्ये आहेत

मंगळवार, ८ एप्रिल
दुपारचे अडीच, ऑफिसचा जिना

बारक्या,

फाडायचं असेल तर फाड, पण पहिला परिच्छेद वाचून मग फाड. आज दुपारी एक वाजता मी एका बाईंना फोनवर सांगितलं की तुमचे मिस्टर मीटिंगमध्ये आहेत. त्यांचे मिस्टर आमच्याकडे कामाला नाहीत. कधीच नव्हते.

 जेवायचा डबा तसाच परत झाकला. हे सांगायला मला तूच का आठवावास, कोण जाणे. सहा वर्षांत तू माझा एक फोन उचलला नाहीस, मग नंबरच बंद करून टाकलास. पत्ता आत्याकडून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस, मी फारच मागे लागले. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं, चुकून बोलून गेलीस. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहितेय.

नीट सांगते. दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वेळा ठरवून देणारं एक ॲप आहे. ते बनवणाऱ्या कंपनीत मी तीन वर्षं आहे. कंपनी नुसती म्हणायची. आहोत तेरा जण, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरचा एक मजला, कायम रुसलेला प्रिंटर आणि एक काचेची खोली. काचेच्या खोलीत मालक बसतो, वय वर्षं एकोणतीस. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात, म्हणजे त्यानेच तसं म्हणायला सांगितलंय. माझं काम माणसं आणायचं. जाहिरात द्यायची, अर्ज चाळायचे, मुलाखती लावायच्या, आणि अर्जदारांना मेल लिहायचे.

आता कॅप्टनचा एक नियम ऐक. आपण कोणाला 'नाही' म्हणायचं नाही. आज नको असलेला माणूस उद्या लागू शकतो, तेव्हा दार किलकिलं ठेवायचं. म्हणून जो घ्यायचा नाही तो जातो कोमट यादीत. गरम नाही, गारही नाही. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी मी त्या यादीतल्या प्रत्येकाला लिहिते की तुमचा अर्ज अजून विचारात आहे. आज त्या यादीत एकेचाळीस माणसं आहेत. आणि मी छापील मजकूर पाठवत नाही हं. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाची पाठदुखी, सगळं लक्षात ठेवून विचारते. गोड बोलण्यात माझा हात कोण धरणार, तुला माहीतच आहे.

हे गृहस्थ त्या यादीतले. वय बावन्न, टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधून काढणारे. डिसेंबरात मुलाखतीला आले होते. चौकटीचा शर्ट, आत येताना पायपुसण्यावर दोनदा बूट पुसले. अर्ध्या तासात आमच्या ॲपमधले नऊ दोष काढून दाखवले आणि वर "माफ करा" म्हणाले. कॅप्टन नंतर मला म्हणाला, "माणूस सोनं आहे ताई, पण बावन्न!" गेले यादीत. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेलला त्यांचं दहा मिनिटांत उत्तर येतं, आणि सोबत नव्याने सापडलेल्या दोषांची यादी. 'आपल्याला उपयोग होईल म्हणून.' मी ती पुढे देते, आमची मुलं दुरुस्त करतात. आतापर्यंत त्रेसष्ट झाले. कॅप्टन हसतो आणि म्हणतो, यादी कोमट ठेवा.

आज ऑफिसचा टेबलावरचा फोन वाजला. तो महिन्यातून दोनदा वाजतो.

"मी टेस्टिंगवाल्यांची मिसेस बोलतेय," असं म्हणून त्यांनी नाव सांगितलं. "त्यांचा मोबाईल बंद लागतोय हो. बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्यात. कालही घेतली नव्हती. जरा देता का त्यांना?"

 लगेच त्याच पुढे म्हणाल्या, "तुम्ही त्याच मॅडम ना? घरी सारखा तुमचा विषय असतो. तीन महिने झाले तुमच्याकडे लागून, माणूस बदलला बघा."

मी त्यांचं नाव घेतलं आणि म्हणाले, "ते मीटिंगमध्ये आहेत. निरोप देते." कॅप्टनला विचारणाऱ्यांना मोबाईलवर दिवसातून दहा वेळा म्हणते, तसंच तोंडातून पडलं. बाई "बरं बरं, असू दे" म्हणाल्या आणि खूश होऊन फोन ठेवला.

मी लगेच त्यांना मेल केला: घरून फोन होता, गोळ्या विसरलात, कृपया कळवा. त्याला दीड तास होऊन गेला. इतका वेळ त्यांनी कधीच लावला नाही. येईल उत्तर. जेवायला गेले असतील.

ताई


बुधवार, ९ एप्रिल
दुपारी एक

बारक्या,

कालचं पत्र टाकलं नाही, पर्समध्येच आहे.

सकाळी ऑफिस उघडायला आले तर जिन्यात एक बाई बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. कोण ते मी बघताक्षणी ओळखलं. किल्ली कुलपात जाईना.

"मॅडम, तुमच्याकडे रात्रपाळी असते का हो?"

माझीच सोय केल्यासारखं विचारलं त्यांनी. मी फक्त 'असते' म्हणायचं होतं. खोटं नाही सांगत, जिभेवर आला होता तो शब्द.

ते काल घरी गेलेच नाहीत. "तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात म्हणून मी निर्धास्त राहिले," बाई सांगत होत्या. "सात वाजले, आठ वाजले, म्हटलं मीटिंग लांबली असेल. नाहीतर दुपारीच शोधायला बाहेर पडले असते मी. गोळी चुकली की त्यांना भोवळ येते."

त्यांना आत आणलं, पाणी दिलं. त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली, प्रत्येक टेबलावर थोडी थोडी थांबवत. मग हळूच विचारलं, "ते कुठे बसतात?"

तेवढ्यात कॅप्टन बाहेर आला. त्याने नाव ऐकलं आणि सरळ सांगितलं, "काकू, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. काहीतरी गैरसमज झालाय." त्याचं बरोबरच होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"पण या मॅडम काल म्हणाल्या की..."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  मी म्हणाले, "गडबडीत मी दुसऱ्याच कोणाचं सांगितलं असेन."

"नाही हो," बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं नाव घेऊन बोललात." आवाज चढवला नाही. पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "आले की द्या. मी पोलिसांत जाऊन येते." कॅप्टनवर त्यांचा विश्वास बसलेला नाही. त्यांना वाटतंय की तो नवऱ्याला लपवतोय आणि मी तेवढी खरी. मी!

त्या गेल्यावर कॅप्टनने मला काचेच्या खोलीत बोलावलं. "ताई, त्यांना यादीतून काढा. मेलही सगळे उडवा. कोणी विचारायला आलं तर आपला संबंध नाही." अगदी मऊ आवाजात बोलला. मी "हो" म्हणाले. मी शेहेचाळीसाव्या वर्षी या नोकरीला लागले, बारक्या. त्याआधी अकरा महिने अर्ज करत होते आणि एकाही ठिकाणाहून साधी पोचही आली नव्हती. तू तेव्हा बोलत नव्हतास, म्हणून तुला माहीत नाही. सकाळी उठून मेल उघडायलासुद्धा मला भीती वाटायची. ती भीती गेली म्हणत होते, ती आज पुन्हा जिन्यात येऊन बसली होती.

तुला आता बाबांची ती रात्र आठवली असेल. आठवणारच. तू तिकडून फोन केलास की निघू का. मी म्हणाले, बाबा झोपलेत, बरे आहेत, उद्याचा इंटरव्ह्यू दे आणि मग ये. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले आणि तू संध्याकाळी पोचलास. दारातच म्हणालास, तू माझ्याशी खोटं बोललीस. मी म्हणाले, झोपलेच होते ते. सहा वर्षं मी तेच धरून बसलेय.

मेल मात्र उडवले नाहीत. आत्ता सगळे परत वाचत होते, आणि फेब्रुवारीतल्या एका मेलशी थबकले. 'आज तुमच्या खिडकीचा पडदा अर्धाच उघडा दिसला. तब्येत बरी आहे ना?' तेव्हा मी हे वाचलं होतं आणि 'बरी आहे, आभार' असं उत्तरही दिलं होतं!  आज मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या थेट माझ्या टेबलासमोर येतात.

मी झटकन पडदा ओढून घेतला. मग लाज वाटून परत उघडला. तिथे कोणी दिसत नाही.

ताई


बुधवार, ९ एप्रिल
संध्याकाळचे साडेपाच, वाचनालयाची पायरी

बारक्या,

दुपारी तीनदा खाली उतरले आणि तीनदा परत वर गेले. पाच वाजता एकदाची रस्ता ओलांडून आले.

वरच्या वाचनकक्षात एक ग्रंथपाल आहेत, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधणारे. मी चौकटीचा शर्ट म्हणताच त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. "रोज साडेनऊला येतात, साडेपाचला जातात. समोरच्या कंपनीत आहेत. तिथे जागा अपुरी पडते म्हणून इथून काम करतात. तुम्ही त्यांच्या मॅडम का?"

जानेवारीपासून, बारक्या. घरून डबा घेऊन निघायचं, इथे बसून आमचं ॲप तपासायचं, दुपारी खाली बाकावर डबा खायचा आणि आमचं ऑफिस सुटलं की घरी जायचं. आणि नोकरी नव्हती तरी काम तर आमचंच करत होते ते! त्यांनी काढलेले दोष दुरुस्त झालेले त्यांना इथे बसून दिसायचे. आपण कामावर आहोत असं त्यांना वाटलं तर ते अगदीच खोटं होतं का? मला ठरवता येत नाही.

"काल अकराच्या सुमाराला उठले," ग्रंथपाल म्हणाले. "डोकं जड झालंय, जरा वारा घेऊन येतो, तेवढी बॅग बघा, म्हणाले. मी अजून बघतोय." आणि त्यांनी ती बॅग माझ्या हातात दिली. माझी नाही, मी घेणार नाही, असं मला म्हणता आलं नाही.

इथे पायरीवर बसून उघडली. डबा भरलेला, आता आंबलेला. मोबाईल, बंद पडलेला. दोष लिहायची वही. आणि पाकीट. ओळखपत्र पाकिटात, कार्डं पाकिटात. म्हणजे काल अकराला जो माणूस खाली उतरला त्याच्या अंगावर त्याचं नावसुद्धा नव्हतं. 

आता पहिल्या पत्रात लपवलेलं सांगते. ती जागा भरली गेली आहे. पंधरा दिवसांपूर्वीच एक मुलगी पक्की झाली, तेवीस वर्षांची, चुणचुणीत. मला माहीत होतं. तरी गेल्या गुरुवारी मी त्यांना लिहिलं, 'तुमचा अर्ज अजून विचारात आहे, धीर धरा.' सोमवारी ती मुलगी रुजू झाली. आम्ही केक कापला आणि कंपनीच्या पानावर फोटो टाकला: आमची नवी टेस्टर. फोटोत मी टाळ्या वाजवतेय.

काल सकाळी दहा चाळीसला त्यांचा मेल आला होता. तुला जिन्यात बसून लिहिलं तेव्हा तो आलेला होता. मी उघडला नव्हता, भीती वाटली म्हणून. आत्ता उघडला. सगळाच्या सगळा उतरवते.

'मॅडम, अभिनंदन. नवीन मुलगी हुशार दिसते. तिला एवढं सांगा की चाळीस नंबरचा जुना दोष पुन्हा आला आहे. दवाखान्याने भेट रद्द केली तरी पेशंटला कळवलं जात नाही. माणूस येऊन बसून राहतो. आपला विश्वासू.'

बस, एवढंच. एक शब्द रागाचा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओळखपत्रावर घरचा पत्ता आहे. बसच्या शेवटच्या थांब्यापाशी कुठेतरी. आत्ता निघाले तर तासाभरात पोचेन. पण दार बाईंनीच उघडलं तर काय सांगू? बॅग पुढे करू? तुमचा नवरा वाचनालयात नोकरीला होता म्हणू? सकाळी जाते. सकाळी डोकं थाऱ्यावर असेल.

'सकाळी' लिहिलं आणि माझी मलाच चीड आली. तरी सकाळीच जाईन, हे मला माहीत आहे.

ताई


गुरुवार, १० एप्रिल
दुपारचे दोन, सरकारी दवाखाना

बारक्या,

सापडले. जिवंत आहेत. बाकीचं क्रमाने सांगते, नाहीतर सांगणार नाही.

सकाळी बॅग घेऊन निघाले ती पत्त्यावर न जाता ऑफिसात आले. म्हटलं, आधी कॅप्टनला सांगून मग जावं. बघ, पाय कसे वाटा शोधतात ते! साडेनऊला टेबलावरचा फोन वाजला. पाचदा वाजेपर्यंत मी नुसती त्याच्याकडे बघत उभी होते.

"पोलीस चौकीतून बोलतोय. एक इसम बेपत्ता आहे. त्यांच्या मिसेसच्या सांगण्यानुसार मंगळवारी दुपारी एक वाजता ते तुमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बरोबर?"

मी म्हणाले, "का?"

"का म्हणजे? वेळ जुळवतोय. मंगळवारपासून एक अनोळखी पेशंट सरकारी दवाखान्यात दाखल आहे. बसथांब्यावर कोसळला. वर्णन जुळतंय, पण तो आलाय सकाळी सव्वाअकराला. एक वाजता तुमचे इसम मीटिंगमध्ये होते, म्हणजे तो हा नव्हे. म्हणून बाजूला ठेवला. तर मॅडम, एक वाजता होते ना ते तिथे?"

कळलं ना तुला? बाई काल सकाळीच पोलिसांत गेल्या होत्या. कालच सापडले असते. माझ्या त्या एका वाक्याने त्यांना झाकून ठेवलं होतं.

कॅप्टन काचेतून बघत होता. त्याने नको म्हणून मान हलवली, हळूच, दोनदा.  मी म्हणाले, "नव्हते. मी खोटं बोलले. ते आमच्याकडे कधीच कामाला नव्हते. तो पेशंट तेच आहेत, चौकटीचा शर्ट असेल."  मग हवालदार इतकंच म्हणाले, "असं करतात का मॅडम?" त्यांनी मला बाईंचा नंबर दिला आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा आता त्यांना."

दवाखाना ऑफिसपासून जवळ आहे, मी पळतच आले. फोन लावायच्या आधी डोळ्यांनी पाहावं म्हटलं. की हीसुद्धा टाळाटाळ? असेलही.

वॉर्डातल्या नर्सने विचारलं, "नात्यातल्या?" मी म्हणाले, "ऑफिसातली." कोपऱ्यातली खाट. कागदावर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष, अंदाजे पन्नास'. चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली, उजवा हात चादरीवर ठेवून दिल्यासारखा. मला पाहिलं आणि बारक्या, ते उठायला लागले. मॅडम आल्या म्हणून. नर्सने दाबून झोपवलं.

डॉक्टर एक तरुण मुलगी आहे. ती रागावली नाही. म्हणाली, "त्रास कधी सुरू झाला हे सांगणारं कोणी नव्हतं, औषधं कुठली चालू होती तेही माहीत नव्हतं. परवा दुपारी घरचं कोणी आलं असतं तर फरक पडला असता." मी विचारलं, आता? "आता रक्तदाब खाली यायला हवा. आजचा दिवस काही सांगता येत नाही." मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिला दिली. ती कालपासून माझ्याकडेच होती.

मग खाटेशेजारी उभी राहून नंबर लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"सापडले का?" बाई म्हणाल्या. "बरे आहेत ना? झोपलेत का?"

पुन्हा माझीच सोय करत होत्या त्या. त्यांच्या मनात काय असणार म्हणा. पण मला वाटलं, मला आज कोणीतरी पकडून आणून बरोबर त्याच जागी उभं केलंय.

"नाही," मी म्हणाले. "जागे आहेत. पण बरे नाहीत. उजवी बाजू चालत नाही, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात आजचा दिवस धोक्याचा आहे. आत्ता निघा, बसने नको, रिक्षा करा. आणि आमच्याकडे नोकरी नव्हती त्यांना. मी तुमच्याशी खोटं बोलले."

शेवटचं बाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. कारण तेवढ्यात खाटेवरून त्यांच्या मिस्टरांचा डावा हात वर आला. माझ्या हातातल्या फोनकडे. बोटं उघडी.

त्यांचा आवाज मी नुकताच, ते उठायला गेले तेव्हा, ऐकला होता. तो आवाज नव्हताच, गळ्यात अडकलेलं काहीतरी होतं. तो बायकोच्या कानात गेला तर तिचं काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. ती एकटी आहे, आता रस्त्याला लागणार, तिला कोण सावरणार? आधी येऊ दे, मग भेटतीलच. हे सगळं मी एका क्षणात मनात बोलून मोकळी झाले. हात मात्र तसाच होता.

मी फोन त्यांच्या कानाशी धरला.  मग तो आवाज आला. पलीकडे एक किंकाळी, आणि मग रडत रडत बाईंची सरबत्ती सुरू झाली: कुठे होतात, गोळ्या का नाही नेल्या, मी आलेच, हलू नका, आलेच मी. इकडे खाटेवर त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. आणि बारक्या, ते हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

मी तिथेच खाली फरशीवर बसले. नर्सला वाटलं मलाच काही झालं. का बसले ते तुला अजून माहीत नाही. ते इथे बसून लिहवत नाही.

ताई


शनिवार, १२ एप्रिल
सकाळी, घरी

बारक्या,

धोका टळला म्हणाले. बोलणं किती येईल, हात किती हलेल, ते महिनाभर कळायचं नाही. काल भेटायला गेले तर बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पण स्टूल पुढे सरकवलं. निघताना एकच वाक्य बोलल्या, "वही तेवढी आणून द्या, त्यांना हवी आहे." ते कसं मागितलं असेल त्यांनी, देव जाणे. आज नेऊन देते.

काल सकाळी कोणालाही न विचारता मी उरलेल्या चाळीस जणांना मेल पाठवले. 'तुमची निवड झालेली नाही. ती जागा भरली आहे. हे तुम्हाला फार आधी कळवायला हवं होतं, आणि हा दोष माझा आहे.' पाठवायचं बटण दाबताना प्रत्येक वेळी धडकी भरत होती, चाळिसाव्यालासुद्धा. दुपारपर्यंत बावीस उत्तरं आली. दोघांनी झाडलं. बाकीच्यांनी आभार मानले. एकाने लिहिलं, 'बरं झालं, आता बायकोला सांगतो.' कॅप्टनने मला आत बोलावलं, आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाला. तोही बिचारा पांढराफटक पडला होता. पुन्हा अकरा महिने लागतील का, कोण जाणे. पण या वेळी मेल उघडायची भीती वाटली तरी उघडेन.

सगळी पत्रं एकाच पाकिटात घालतेय. पहिल्यात जे लपवलं ते खोडलं नाही. तू वाच आणि काय ते समज.

एक मागायचं आहे. ते आधी मागून घेते आणि मग कबूल करायचं ते करते, कारण उलट केलं तर मागायला तोंड उरणार नाही. उत्तर पाठव. 'नाही' असेल तर एका कार्डावर 'नाही' एवढंच लिहून पाठव. मी पुन्हा त्रास देणार नाही. फक्त कोमट यादीत ठेवू नकोस मला.

आता ऐक. त्या रात्री बाबा झोपले नव्हते.

तुझा फोन वाजला तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. तूच असणार हे त्यांना कळलं. आवाज पार गेला होता, नुसती घरघर होती, म्हणून त्यांनी बोलून नाही विचारलं. हात पुढे केला. तो आवाज तू ऐकला असतास तर इंटरव्ह्यू टाकून त्याच क्षणी निघाला असतास, हे मला ठाऊक होतं. त्या नोकरीसाठी तू दोन वर्षं झुरत होतास. मी त्यांच्याकडे पाठ केली, खिडकीकडे वळले आणि तुला म्हणाले, झोपलेत.

फोन ठेवून मागे वळले तर हात तसाच पुढे होता.

मी त्यात पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो घेतला, माझ्याकडे बघत थोडा वेळ धरला, आणि न पिता परत दिला.

ताई